हिवाळ्यातल्या उष्णतेचा हिशेब

डिसेंबर लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. शिकागो, टोरांटो, न्यू जर्सी या पट्ट्यात ट्रकमाउंट घेऊन फिरणारे आपले मराठी व्यावसायिक विचारतात, की उन्हाळ्यात झकास चालणारे यंत्र आताच गार का पडते? दुरुस्तीला टाकावे, की सरळ नवे घ्यावे? यातली बरीच यंत्रे ठणठणीत असतात. हिवाळा त्यांच्याकडे जास्त उष्णता मागतो, आणि ती कुठे तयार होते व कुठे सांडते हे आपण मोजलेले नसते. या अंकाचे संपादकीय त्यासाठीच.

टोरांटोचे पाणी ओंटारियो सरोवरातून येते, शिकागोचे मिशिगन सरोवरातून. जानेवारी-फेब्रुवारीत ते नळाला ५ अंश सेल्सियसच्या आसपास येते, कधी त्याहूनही गार. उन्हाळ्यात तेच २० अंशांच्या घरात असते. वाँडला एकूण ०६ मापाचे जेट असतील आणि दाब ४०० पीएसआय असेल, तर ट्रिगर दाबून धरल्यावर मिनिटाला साधारण ७.२ लिटर पाणी जाते. एवढे पाणी २० अंशांवरून ९० अंशांवर न्यायला सुमारे ३५ किलोवॉट लागतात. ५ अंशांवरून न्यायला सुमारे ४३. अमेरिकेतल्या घराचा १२० व्होल्ट, १५ अँपिअरचा साधा सॉकेट जास्तीत जास्त १.८ किलोवॉट देतो. म्हणजे हिवाळ्याची नुसती वाढीव मागणीच चार सॉकेट एकत्र केले तरी भागत नाही. पुण्या-मुंबईत पोर्टेबल यंत्रांवर काम करणाऱ्या वाचकांना यावरून कळेल, की थंड मुलखातले लोक पाणी तापवायला गाडीच्या इंजिनाकडे का वळले.

हाच हिशेब उलटा करून पाहा. यंत्र उन्हाळ्याइतकीच, म्हणजे ३५ किलोवॉट उष्णता देत राहिले, तर ५ अंशांचे पाणी ७५ अंशांपर्यंतच चढेल. पंधरा अंश इथेच गेले, आणि बर्फावर पडलेल्या होजमधले नुकसान अजून धरलेलेच नाही. प्रत्यक्षात आपण ट्रिगर सतत दाबून ठेवत नाही. ओल्या फेरीनंतर कोरडी फेरी येते आणि तेवढ्यात यंत्र सावरते. म्हणून हे आकडे सर्वांत कठीण क्षणाचे समजावेत. पण मोठ्या हॉलमध्ये भराभर ओढताना तोच क्षण पुन्हा पुन्हा येतो.

स्लाइड-इन यंत्राला स्वतःचे इंजिन असते. बटलर किंवा हायड्रामास्टरच्या सीडीएससारख्या यंत्रांत मात्र व्हॅनचेच इंजिन ब्लोअर आणि पंप फिरवते, आणि पाणी तापते ते कूलंटच्या व एक्झॉस्टच्या उष्णतेवर. ढोबळमानाने पेट्रोलच्या ऊर्जेतला तिसरा हिस्सा कूलंटमध्ये जातो आणि जवळपास तेवढाच एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. इथली मेख अशी, की इंजिनावर भार असेल तरच इंधन जळते आणि इंधन जळले तरच उष्णता मिळते. सहा लिटरचे व्ही-८ इंजिन हलक्या भारावर थंडीत उभे असले, तर स्वतःला गरम ठेवतानाच त्याची दमछाक होते. त्यामुळे उष्णता कमी पडली की पहिली नजर व्हॅक्यूमवर टाकावी. रिलीफ व्हॉल्व्ह सैल झाला असेल, वेस्ट टाकीच्या झाकणाचे रबर हवा ओढत असेल, किंवा होजच्या कफला चीर गेली असेल, तर ब्लोअर हलका चालतो, इंजिन हलके चालते आणि पाणी कोमट येते. तक्रार पाण्याची असते, दोष हवेत सापडतो. व्हॉल्व्ह उत्पादकाने सांगितलेल्या मापावर आणा आणि आरपीएमही त्याच पुस्तकात दिलेला ठेवा. उष्णतेच्या हव्यासाने त्यापुढे जाऊ नका; ब्लोअर त्याची किंमत वसूल करतो.

दुसरी नजर थर्मोस्टॅटवर. त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्तात स्वस्त सुटा भाग हाच आणि सर्वांत दुर्लक्षितही हाच. थर्मोस्टॅट उघडा अडकला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतो. उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात मात्र डॅशबोर्डवरचा काटा नेहमीच्या जागेच्या खाली रेंगाळतो आणि केबिनच्या हीटरमधून कोमट हवा येते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की बाकी काही उघडण्याआधी थर्मोस्टॅट बदला, आणि बदलताना गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाचाच घाला. कूलंटचे मिश्रणही तपासा. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असले तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. थंडीच्या धास्तीने काही जण ग्लायकॉल वाढवतात, पण तसे केले की कूलंटची उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. पातळी कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल, तर हीट एक्सचेंजरला पुरेसा गरम कूलंट पोचतच नाही. एक्सचेंजरमध्ये पाण्याच्या बाजूने साचलेला क्षारांचा थर ऑक्टोबरातच काढायला हवा होता. राहिला असेल तर या आठवड्यात काढा. काम चालू असताना केबिनचा हीटर बंद ठेवा, तो त्याच कूलंटमधून वाटा उचलतो. ग्रिलवर आच्छादन लावल्याचाही फायदा होतो, मात्र काट्यावर लक्ष हवे आणि हायवेला लागण्याआधी ते काढायला हवे.

एवढे करूनही यंत्रावरचा गेज ९० अंश दाखवतो आणि कार्पेट गारच राहते, असे अनेकांचे म्हणणे आहे. ते खरे आहे. पाव इंची सोल्युशन होजच्या ४५ मीटरमध्ये सुमारे १.४ लिटर पाणी मावते. फर्निचर सरकवायला तुम्ही ट्रिगर सोडलात, की तेवढे पाणी बर्फावर पडून निवत राहते आणि पुढच्या फेरीचे पहिले बारा सेकंद तेच कार्पेटवर जाते. गेज व्हॅनमध्ये आहे, काम दिवाणखान्यात आहे. म्हणून आमचा आग्रह, की होज जिथे वाँडला जोडला जातो तिथे इनलाइन तापमापक बसवा आणि तोच आकडा खरा धरा. चकचकीत पितळी जोडावर इन्फ्रारेड बंदूक रोखून घेतलेला आकडा फसवा असतो. चकाकता धातू आहे त्यापेक्षा गार दिसतो. होजवर फोमचे आवरण चढवा आणि गरजेपेक्षा एकही जादा तुकडा जोडू नका. लांब थांबल्यावर होजमधले पाणी आधी बादलीत सोडा. जेट कार्पेटपासून उंच असले तर फवारा हवेतच निवतो, हेही तपासून पाहा.

जेटच्या मापाबद्दल वाद आहे आणि आमची बाजू ठरलेली आहे. ०६ ऐवजी एकूण ०५ मापाचे जेट लावले, तर प्रवाह मिनिटाला सुमारे ६ लिटरवर येतो आणि तीच ३५ किलोवॉट उष्णता ५ अंशांच्या पाण्याला ९० अंशांपर्यंत नेते. पाणी कमी म्हणजे खळबळणे कमी, हा आक्षेप योग्य आहे. त्यासाठी हात सावकाश चालवावा लागतो. होजमध्ये पाणी थोडा जास्त वेळ राहते, हेही मान्य. तरीही कडाक्याच्या थंडीत भरपूर कोमट पाण्यापेक्षा थोडे कमी पण गरम पाणी आम्ही पसंत करू. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी असेल तर आदल्या रात्री ती दुकानात कोमट पाण्याने भरून ठेवा. ३०० लिटर पाणी ५ ऐवजी ४० अंशांवर असले, तर सुमारे १२ किलोवॉट-तासांचे काम सकाळी निघण्याआधीच झालेले असते. गाडीची भारक्षमता आणि पंपाला चालणारे पाण्याचे कमाल तापमान मात्र आधी पुस्तकात पाहून घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरा लिहायला घेतला ती. पाणी गार पडले की हात केमिकलच्या डब्याकडे जातो. हेंकेलमधले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेले वर्तुळ आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ यांतले एक कमी झाले तर दुसरे वाढवून भरपाई करता येते. या वर्तुळाचा आधार घेऊन हिवाळ्यात प्री-स्प्रे दुप्पट तीव्र केला जातो. पण कमी उष्णतेत आणि कमी पाण्यात तो पुरता धुऊन निघत नाही. चिकट अवशेष तंतूंवर राहतो, मार्चपर्यंत चालण्याच्या वाटा पुन्हा काळवंडतात आणि ग्राहक म्हणतो की धुतल्यामुळे कार्पेट लवकर मळते. लोकरीच्या कार्पेटला तर तीव्र अल्कली थेट इजा करते. तापमान घटले तर वेळ आणि घर्षण वाढवा. प्री-स्प्रे नेहमीच्याच तीव्रतेचा ठेवा, पण कोमट पाण्यात मिसळा. तो दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, सुकू देऊ नका, आणि ब्रश फिरवा. ही भरपाई कार्पेटला सोसते. अमेरिकेतले बरेच कार्पेट उत्पादक हमी टिकवण्यासाठी १२ ते १८ महिन्यांतून एकदा गरम पाण्याची सफाई मागतात. बिलावर ते शब्द छापून कोमट पाणी फिरवणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि आमच्या मते त्याहून सौम्य शब्द इथे चालणार नाही.

यात दोष बहुधा वाँड धरणाऱ्याचा नसतो. दिवसाला पाच घरे लावून दिली, इंजिन तापायला पंधरा मिनिटे दिली नाहीत, होजला आवरण घेऊन दिले नाही, की टेक्निशियनच्या हाती केमिकलच उरते. मालकांनी जानेवारीची वेळापत्रके वेगळी करावीत, हिवाळ्यात एक घर कमी घ्यावे आणि दर तसे ठरवावेत. रात्री व्हॅन गरम गॅरेजमध्ये ठेवावी; ते नसेल तर यंत्र, होज आणि वाँड पूर्ण रिकामे करून घ्यावे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि एका रात्रीत पंप फोडते.

सुकण्याची चिंता त्या मानाने कमी करा. उणे १० अंशांची बाहेरची हवा घरात २० अंशांवर आली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम १२ टक्क्यांवर येते. घरातला हीटर चालू, एखादी खिडकी बोटभर उघडी आणि एअर मूव्हर लावलेले असले, तर कार्पेट पावसाळी जुलैपेक्षा लवकर सुकते. ड्राइव्हवेवर सांडलेल्या पाण्याचा मात्र तासाभरात बर्फ होतो. मिठाची पिशवी गाडीत ठेवा आणि निघण्यापूर्वी टाका.

शेवटी कार्बन मोनॉक्साइड. थंडीत व्हॅन घराच्या अगदी जवळ लावण्याचा मोह होतो; होज आखूड लागतो, पाणी गरम पोचते. व्हॅनवर चालणाऱ्या यंत्रात मोठे इंजिन दोन-तीन तास एकाच जागी चालते, आणि होजसाठी ग्राहकाचे दार फटीएवढे उघडे असते. एक्झॉस्टचे तोंड दारापासून, खिडक्यांपासून आणि घरात हवा ओढणाऱ्या जाळ्यांपासून दूर आणि वारा धूर घरापासून लांब नेईल अशा बाजूला असले पाहिजे, मग त्यासाठी १५ मीटर जादा होज जोडून पाच अंश गमवावे लागले तरी चालेल. दाराच्या फटीला कापडी पडदा लावा. गॅरेजमध्ये, त्याचे शटर पूर्ण उघडे असले तरी, इंजिन चालवू नका. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही लक्षणे थकवा म्हणून झटकली जातात. बॅटरीवर चालणारा अलार्म प्रत्येक व्हॅनमध्ये ठेवा आणि काम सुरू करताना घरात, दाराजवळ ठेवा. तो वाजला तर सगळ्यांना आधी बाहेर काढा, इंजिन बंद करा आणि ९११ ला फोन लावा. अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय होज उचलायलाही आत जाऊ नका.