लोकरीचा हिशेब मांडा

चैत्र लागला. शाळू निघाला, गव्हाची रास घरात आली आणि रिकाम्या रानांत मेंढरांचे वाडे उतरले. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीनंतर बाहेर पडलेली मेंढरे मृग तोंडावर आला की घराकडे वळतील. या दिवसांत वाड्यावर एक काम चुकवता येत नाही. ते म्हणजे कातरणी. दख्खनी मेंढी साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. लोकर अंगावर ठेवली तर वैशाखात जनावर धापा टाकते, गोचीड आणि उवा वाढतात आणि पावसात भिजलेल्या लोकरीत अळ्या पडतात. म्हणजे कातरणी ही हौस नाही, जनावर जगवण्याचा तो खर्च आहे. हा खर्च आज लोकरीतून निघत नाही. कातरलेली लोकर बांधावर पडते, ओढ्यात जाते, नाही तर फिरता व्यापारी मातीमोल भावाने उचलून नेतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवाच्या दारी लोकरीला मान आहे, बाजारात मात्र किंमत नाही.

आपल्या मेळाव्यांत कांद्यावर बोलणे होते, उसावर होते, दुधावर होते. लोकरीचे नाव निघत नाही. मेंढपाळाला सातबारा नसेल किंवा असून त्यावर कुसळेच पिकत असतील, म्हणून तो शेतकरी ठरत नाही काय? रात्री त्याचे कळप आपल्या रानात बसवून खत घेताना तो आपला असतो, मग भाव मागायच्या वेळी परका का?

आता हिशेब मांडू. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. एका कातरणीला 300 ग्रॅम धरा. किलोभर लोकर गोळा करायला तीन मेंढ्या पुऱ्या कातरून चौथीलाही हात घालावा लागतो. म्हणजे एका मेंढीच्या कातरणीला जी मजुरी पडते, तिच्या सव्वातीन पटींहून जास्त भाव किलोला मिळाला तरच कातरणाऱ्याची नुसती मजुरी सुटेल. चारणी, औषध, वाड्यामागे चालणाऱ्या बायामाणसांचे श्रम यांत धरलेलेच नाहीत. हा भाव तुमच्या गावात कोणाला मिळतो का, ते प्रत्येकाने स्वतः पडताळावे. कापूस हा धागा आहे, त्याला केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते. तागालाही करते. लोकर हाही धागाच आहे, पण हमीभावाच्या यादीत ती नाही.

लोकर पडली का? दख्खनीचा तंतू जाडाभरडा, मेरिनोच्या तंतूच्या दुपटीहून जाड, आणि बहुतेक काळा. त्याचे कापड होत नाही, काळ्यावर रंग चढत नाही. त्याची होते घोंगडी. सनगराच्या मागावर चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी पावसाळी रानात पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढे पानिपतची चिंध्यांपासून बनवलेली ब्लँकेटे आणि ॲक्रिलिकच्या चादरी आल्या, माग बसले आणि लोकरीचे गिऱ्हाईक गेले. डिसेंबर 2022 पासून भारत-ऑस्ट्रेलिया करारानुसार तिकडच्या लोकरीवरचे आयातशुल्क शून्य झाले आहे. त्यावर आमचे रडगाणे नाही, कारण मेरिनो आणि दख्खनी यांचा बाजारच वेगळा. आमचा सवाल एवढाच, की गिरणीच्या सोयीसाठी जी तत्परता दाखवली जाते, ती वाड्याच्या वाट्याला कधी येणार?

सरकारने काही केले नाही असे नाही. आधी मेरिनो आणि रॅम्बुले नर आणून संकर केला. लोकर मऊ झाली, पण माळामाळाने चालणाऱ्या कळपात ती जनावरे तग धरेनात. संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडाशी संकर करून मोहेर काढण्याचे प्रयोगही झाले. शेतकऱ्याने शेळी ठेवली ती मटणासाठी आणि दुधासाठीच. 2017 पासूनची महामेष योजना 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि एक नर देते. कळप वाढावा, पण कळपाबरोबर कातरणीचा खर्चही वाढतो, हे कोण सांगणार? मेंढपाळाने स्वतःचे उत्तर काढले आहे. तो अंगावर लोकर कमी असलेल्या माडग्याळ मेंढीकडे वळतो आहे. त्याला दोष देता येत नाही. भाव नसलेला माल शेतकरी पिकवत नाही, हा साधा न्याय आहे.

तरुणांना एक सावधगिरीची सूचना. लोकरीसाठी अंगोरा ससे पाळा, आम्ही परत विकत घेऊ, असे सांगणारा कोणी दारात आला तर त्याला आधी कुलूचे हवामान विचारा. अंगोरा ससा हिमाचलच्या थंडीत, दर अडीच-तीन महिन्यांनी कातरत पाळतात. आपल्या वैशाखात तो टिकत नाही. 2019 साली सांगली-कोल्हापुरात कडकनाथ कोंबडीच्या योजनांत किती घरे पोळली, हे विसरू नका.

मग करायचे काय? लडाखच्या चांगथांगमध्ये हिवाळा सरला की चांगपा लोक शेळ्या विंचरून पश्म काढतात. तेथे पशुपालकांनी सहकारी संस्था करून माल एकत्र केला आणि लेहमध्ये जाड केस वेगळे काढणारे यंत्र बसवले. आपली लोकर पश्म नाही. पण एकत्र येणे आणि प्रत लावणे आपल्या हातात आहे. कातरणीआधी मेंढरे धुवा. कोकरांचे मऊ जावळ वेगळे ठेवा, काळी-पांढरी वेगळी ठेवा, शेण लागलेली बाजूला काढा.

आणि एक तळ ठरवा. स्वच्छ कोरड्या लोकरीत सुमारे 16 टक्के नत्र असते. तीन किलो लोकरीत एक किलो युरियाएवढे नत्र झाले, तेही सावकाश सुटणारे. त्या किमतीखाली कोणी मागितली तर देऊ नका. डाळिंबाच्या बुडात आळ्यात गाडा, ओलही धरेल.

सरकारकडे मागणी एकच. वसतिगृहे, रुग्णालये, पोलीस यांच्यासाठी दरसाल घोंगड्या आणि लोकरी सतरंज्यांची ठरावीक खरेदी करा, आणि तीही कातरणीचा खर्च धरून काढलेल्या भावाने.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे कागदावर आणावेत : मेंढ्या किती, कातरणीची मजुरी काय पडली, लोकर काय भावाने गेली. वाड्यावर जाऊन विचारल्याशिवाय ते मिळणार नाहीत. तेवढे चालावे लागेल. मेंढपाळ वर्षभर चालतोच आहे.