लाजेपायी अंगावर काढू नये

पोटाची तक्रार सांगण्याची आपल्याला लाज वाटते. म्हणून बद्धकोष्ठावर घरोघरी एरंडेल वा त्रिफळा घेऊन महिनेच्या महिने भागविले जाते. बडोद्याजवळील नंदेसरीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत पाळीने राबणाऱ्यांची झोप, जेवण व शौचाची वेळ सतत बदलते. तेथे तर ही तक्रार सहज जडते.

दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा शौचास होणे, ही निरोगी माणसाची मर्यादा होय. त्याहून कमी झाल्यास प्रथम पाणी, पालेभाज्या, चालणे व ठरलेली वेळ यांचा अवलंब करावा. इसबगोल घेतल्यास भरपूर पाण्यासोबत घ्यावे.

परंतु ३ आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. शौचावाटे रक्त पडणे, कारणावाचून वजन घटणे, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या सुमारास ही तक्रार नव्यानेच उद्भवणे, यांपैकी काहीही असल्यास तितकेही थांबू नये; आतड्याच्या कर्करोगाची शंका वेळीच फेडून घ्यावी. पोट फुगून तीव्र वेदना व उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर आतडे अडल्याचा संभव असतो. अशा वेळी रेचक न देता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांना चालू औषधे, विशेषतः लोहाच्या गोळ्या, आणि आपले कामही सांगावे. शिशाच्या बाधेनेही पोटशूळ व बद्धकोष्ठ होते.

वैद्याचा मान राखावा, अशी शिकवण पवित्र शास्त्रातील बेनसिराच्या ग्रंथात आहे. त्याच्यापासून दुखणे लपविणे हा विनय नव्हे.