क्रियापदांची फोड : लिपीतील आणि उच्चारातील

धातू आणि प्रत्यय वेगळे काढले की क्रियापदाची फोड पूर्ण झाली, अशी समजूत मराठीच्या अध्यापनात रूढ आहे. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत रूपविचाराची समृद्ध परंपरा उभी राहिली. तथापि उच्चारातील अवयव, म्हणजे एका स्वराभोवती बांधलेला ध्वनिगट, वर्गात उपेक्षितच राहतो. वृत्ताच्या तासाला अक्षरे मोजली जातात खरी. पण पद्यपठनात प्रत्येक 'अ' पूर्ण उच्चारला जात असल्याने ती मोजणी बोलण्यातील अवयवांची नसते.

कल्याण-कसारा लोहमार्गावरील वाशिंदचे उदाहरण घ्यावे. या नावात लिखित अक्षरे तीन, अवयव दोन : वा-शिंद्. शेजारच्या मुरबाडच्या नावात अक्षरे चार, अवयव पुन्हा दोनच : मुर्-बाड्. क्रियापदात हा भेद अधिक अर्थपूर्ण ठरतो. 'वाशिंदला उतरतो' आणि 'वाशिंदला उतरून' यांतील क्रियारूपांचा धातू एकच, अक्षरेही चार-चार. उच्चार मात्र उ-तर्-तो आणि उत्-रून असे होतात. प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला तर धातूतील मधला 'अ' टिकतो. स्वराने सुरू झाला तर लोपतो. समजतो-समजून, बदलतो-बदलून, पसरला-पसरेल या जोड्यांतही हाच नियम दिसतो. शिवाय 'उत्-रून'मध्ये अवयवाची सीमा धातूच्या पोटातच पडते.

असा सीमाभेद इटालियनमध्येही आहे. 'पार्लो' (मी बोलतो) या रूपात धातू पार्ल् आणि प्रत्यय ओ, पण अवयव पार्-लो असे पडतात. तेथील लेखन उच्चाराच्या बरेच जवळ असल्याने हा भेद लिखित रूपावरूनही कळतो. मराठीत लिपी स्वरलोप झाकून ठेवते.

'करतो'ऐवजी 'कर्तो' लिहिणारा विद्यार्थी लेखननियमाला चुकतो, पण त्याचा कान चुकत नाही. 'कर्ता' आणि 'करतो' यांचा पहिला अवयव एकच आहे. 'करतो'चे लेखन 'कर' हा धातू डोळ्यांपुढे ठेवते, एवढेच. हे न सांगता केवळ 'अशुद्ध' असा शेरा मारणे म्हणजे भाषानिरीक्षणाची पहिली पायरीच खुडणे होय. शहापूर-मुरबाड परिसरातील बोलींचे संकलन करणारा संशोधक ऐकलेली रूपे प्रमाण लेखनात बसवील, तर जे नोंदवायचे तेच हरवेल.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक क्रियारूपाच्या दोन फोडी शेजारी शेजारी मागितल्या पाहिजेत : धातू-प्रत्ययांची आणि उच्चारावयवांची. त्या जेथे जुळत नाहीत, तेथेच भाषेचा नियम सापडतो.