रुपया गिळणारे एडिटर

वाघोलीहून खराडीला कामाला जाणाऱ्या एका इंजिनिअरनं परवा ठासून सांगितलं की वेबवरचा एडिटर हे नुसतं पान नव्हे, पूर्ण सॉफ्टवेअर आहे. कर्सर त्याच्या चौकटीत असेपर्यंत कीबोर्डवरची प्रत्येक कळ त्याचीच. वापरणाऱ्यांना हेच हवं असतं, म्हणे.

वापरणारे म्हणजे कोण? अमेरिकन कीबोर्डवर इंग्रजी लिहिणारे, हे या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

विंडोजवर ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडून उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. पण ते उजवं ऑल्ट, म्हणजे ऑल्ट-जीआर, विंडोज आतून कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखं धरतं. आणि कंट्रोल-ऑल्ट-४ हा काही एडिटरांत चौथ्या पातळीच्या शीर्षकाचा शॉर्टकट असतो. कोडमध्ये हा भेद केलेला नसेल, तर सोसायटीच्या मेंटेनन्सची नोटीस लिहिताना रुपया येत नाही, अख्खी ओळ मात्र शीर्षक होऊन बसते. लिहिणाऱ्या सेक्रेटरीला वाटतं, आपलंच काही चुकलं. पोलिश लिहिणाऱ्यांची ‘मीडियम’ या ब्लॉगच्या संकेतस्थळावर हीच गत झाली. त्यांचं तिरकी रेघ असलेलं ‘एस’ ऑल्ट-जीआर आणि एसनं उमटतं. ब्राउझरची सेव्हची खिडकी उघडू नये म्हणून एडिटरनं कंट्रोल-एस अडवलेलं, आणि ऑल्ट-जीआरमध्ये कंट्रोल धरलेलं असतंच. सोय करायला निघालेल्या कोडनं एका भाषेचं अक्षरच अडवलं! त्याचा उलगडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी आपल्याकडे तेच चालू.

टॅब अडवून ठेवली तर माउस न वापरणारा माणूस चौकटीत कोंडला जातो. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची डब्ल्यूसीएजी ही नियमावली अगदी प्राथमिक ‘ए’ पातळीवरच याला मनाई करते. ब्राउझरच्या कळाही अशाच पळवल्या जातात: फायरफॉक्समध्ये शोधपट्टीकडे नेणारं कंट्रोल-के काही एडिटरांत लिंकची चौकट उघडतं.

राइट-क्लिक बंद करणाऱ्या मराठी संकेतस्थळांशी आम्ही असाच वाद घातला होता. मजकुराची चोरी थांबली नाही. अडलेला शब्द कोशात बघू पाहणाऱ्याची मात्र अडवणूक झाली.

ठळक, तिरपं आणि अनडू यांच्या कळा एडिटरनं खुशाल घ्याव्यात. बाकीच्या कळा ब्राउझरला आणि भाषेला सोडाव्यात, ऑल्ट-जीआर वेगळं ओळखावं, शॉर्टकट बंद करायची सोय द्यावी. खराडीतल्या मित्रांनो, पुढची आवृत्ती सोडण्याआधी ‘इंग्लिश (इंडिया)’ लावून तुमच्या एडिटरात एकदा ₹ टाइप करून बघा.