परत वर जाण्याची मुभा

वाढवण बंदराजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ करायचा, असं राज्य सरकारने जाहीर केलं आहे. बंदराचा झगडा आपल्या किनाऱ्यावर अजून मिटलेला नाही, आणि त्यात मी मच्छीमारांच्या बाजूने आहे. तरीही विमानतळाचा आराखडा जनसुनावणीला आलाच, तर नवापूर ते डहाणू पट्ट्यातल्या लोकांनी जमीन, नोकऱ्या आणि मासळीबरोबर आणखी एक विषय लावून धरावा. भर पावसात विमान उतरवायचं की नाही, हे ठरवताना वैमानिकाच्या डोक्यावर कशाकशाचं ओझं असतं?

१. सुरुवात कोझिकोडपासून करू. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान, आत १९० माणसं. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या घरातले, हवाई दलात नावाजलेले. पावसात पहिला प्रयत्न सोडून ते परत वर गेले. तो निर्णय योग्यच होता. दुसऱ्यांदा ते उलट दिशेने आले तेव्हा वारा पाठीमागून होता आणि त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीचं जवळजवळ निम्मं अंतर मागे पडल्यावर चाकं टेकली. टेकण्याआधी सहवैमानिक ‘गो-अराउंड’, म्हणजे परत वर चला, असं म्हणाला होता. विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे कोसळलं आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवालाने कॅप्टनची चूक स्पष्ट नोंदवली, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर होतं आणि कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते, हेही त्याच अहवालात आहे. इथे उतरलो नाही तर उद्याचं विमान अडकेल, ही टोचणी ड्यूटीच्या तक्त्यातून कॉकपिटमध्ये शिरते. ‘वैमानिकाची चूक’ एवढं लिहून फाइल बंद करणं हा गेलेल्या प्रवाशांवरही अन्याय आहे.

२. मुंबईच्या पावसाला हे नवं नाही. जून १९८२ मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुसळधार पावसात उतरताना कोसळलं, १७ माणसं गेली. १ जुलै २०१९ च्या रात्री स्पाइसजेटचं विमान धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. आणि धोका पावसापुरताच नाही: १९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान अहमदाबादच्या धूसर हवेत धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. १३५ पैकी १३३ जणांचा जीव गेला.

३. वेग, उंची, दिशा जुळत नसेल तर परत वर जायचं, हा जगभरचा नियम. तरीही अशा न जुळलेल्या १०० प्रयत्नांपैकी जेमतेम ३ सोडले जातात, असं फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनचा अभ्यास सांगतो. हवा बिघडली म्हणून बोट फिरवणाऱ्या तांडेलाला गाव नावं ठेवत नाही, पण डिझेलचा खर्च त्याच्याच माथी बसतो. वैमानिकाला तसा भुर्दंड कुठल्याच रूपात बसता कामा नये: इंधनाचा हिशेब नाही, जाबजबाब नाही, बढतीवर सावट नाही.

४. सहवैमानिकाचा शब्द. २२ मे २०१० ला मंगळूरमध्ये विमान उतरताना हवा स्वच्छ होती, तरी अपघात होऊन १५८ जण गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत दिसलं की सहवैमानिकाने परत वर जाण्यासाठी तीनदा सांगितलं होतं. दहा वर्षांनी कोझिकोडला पुन्हा तेच! ज्येष्ठाने ऐकलं नाही तर कनिष्ठाने विमान ताब्यात घ्यावं, असं कागदावर आहे. सिम्युलेटरमध्ये हे हात बसेपर्यंत घोटून घेतलं पाहिजे.

५. वाढवणची धावपट्टी समुद्रालगत असेल. तिच्या टोकाला किमान २४० मीटरची मोकळी सुरक्षित जागा हवी, आणि घसरत आलेल्या विमानाची चाकं रुतवून त्याला थांबवणारा ठिसूळ काँक्रीटचा पट्टाही हवा. कोझिकोडला अपघाताच्या वेळी टॉवरमध्ये हवामान अधिकारीच नव्हता. इथे पावसाळ्यात ती खुर्ची एक मिनिटही रिकामी राहू नये.

६. आता आपण, प्रवासी. १४ जानेवारी २०२४ ला दिल्लीच्या धुक्यात उशीर जाहीर करणाऱ्या सहवैमानिकावर एका प्रवाशाने हात उचलला. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवलं गेलं आणि ताटकळलेली माणसं विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवली. पहिल्या प्रकाराला क्षमा नाही. दुसऱ्याबद्दल विमान कंपनी आणि विमानतळ दोघांनाही दंड झाला, तो योग्यच झाला. वळवलेल्या प्रवाशांची आबाळ झाली की त्यांचा राग वैमानिकावर निघतो, आणि पुढच्या वेळी ‘एकदा प्रयत्न करून बघू’ हा मोह वाढतो. म्हणून वाढवणला उतरू न शकलेली विमानं सुरतेला, अहमदाबादला किंवा नाशिकला गेली तर तिथे जेवण, मुक्काम आणि पुढची बस कोण देणार, कोणाच्या खर्चाने, हे आराखड्यातच लेखी मागावं.