निरोपाचा बॅनर आणि पहिल्या दिवसाचा प्रश्न



गेल्या सप्टेंबरात खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातून एक मुलगा एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेला. वडील खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. निघायच्या आदल्या दिवशी विहारात वंदना झाली, शाल-पुष्पगुच्छ झाला, भाषणे झाली. चौकच्या नाक्यावर निळा बॅनर लागला. त्यावर मुलाचा फोटो लहान आणि आम्हा कार्यकर्त्यांचे फोटो मोठे. दोन गाड्या भरून माणसे सहार विमानतळावर गेली. आम्हीही होतो. गेटवर घोषणा झाल्या, त्याची आई रडली, आम्ही फोटो काढले आणि येताना पनवेलला वडापाव खाऊन घरी आलो. काम फत्ते झाले असे आम्हाला वाटले.

तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला.

"दादा, विमानात जेवण तिकिटातच असतं हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा आणलं तेव्हा नको म्हटलं."

त्याने कोणाकडून तरी ऐकले होते की विमानात सगळे विकत घ्यावे लागते. आईने दिलेले लाडू आणि चपात्या मोठ्या बॅगेत, ती बॅग सामानात. मध्ये आखातातल्या विमानतळावर पाच तास काढायचे होते. खिशातले पाउंड मोडायचे नाहीत म्हणून तिथेही काही घेतले नाही. दुसऱ्या विमानात शेजारच्या बाईंनी सांगितले तेव्हा तो जेवला. आम्ही हसलो. तोही हसला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "दादा, मी आडनाव सांगितलं ते चुकलं का?"

भारतीय विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याने खोली ठरवली होती. दारात सामान ठेवतो न ठेवतो तोच पूर्ण नाव विचारले गेले. मग गाव. मग गावात राहायला कुठे. दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला की किचन प्युअर व्हेज आहे, तू दुसरीकडे बघ. तो अंडेसुद्धा शिजवायच्या आधी हे घडले. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आलेला नव्हता. दुसरी खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी, वर स्थानिक जामीनदार हवा. आणि आम्ही इथे त्याच्या निरोपाच्या फोटोंना आलेले लाईक मोजत होतो.

आडनाव सांगणे चुकले का, या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आमच्याकडे नव्हते. आता देण्याचा प्रयत्न करतो.

न्यूयॉर्कचा पहिला दिवस आणि बडोद्याचा पहिला दिवस

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये, तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कला पोचले. तेव्हा प्रवास बोटीचा. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील रामजीबाबा गेले होते. ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पाउंड, तीन वर्षे, आणि त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे चाकरी. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले, तिथले जेवण रुचेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परक्या शहरात खोली बदलणे, जेवण न रुचणे, तुटपुंज्या पैशातून घरी पैसे पाठवणे, हे सगळे बाबासाहेबांनी भोगलेले आहे. पण त्या शहरात एका टेबलावर बसून जेवताना त्यांना कोणी जात विचारली नाही.

आता दुसरा पहिला दिवस बघा. १९१७ साली एम.ए. होऊन, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून, करार पाळायला ते बडोद्याला उतरले. स्टेशनवर पहिला प्रश्न होता, जायचे कुठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी हे सगळे लिहिले आहे. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही त्यात आहे. शीर्षकाकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेत जाताना न लागलेला व्हिसा त्यांना मायदेशात लागला.

आणि एक गोष्ट. न्यूयॉर्कचा जिवलग मित्र पारशी होता, बडोद्याचा काठीवालाही पारशीच होता. म्हणजे प्रश्न माणसाच्या जन्माचा नव्हता. तो ज्या समाजव्यवस्थेत उभा आहे, ती त्याच्याकडून काय करून घेते याचा होता.

आमच्या खालापूरच्या मुलाला इंग्लंडमध्ये पहिल्या दिवशी जे भेटले, ते इंग्लंड नव्हतेच. ते बडोदे होते. शंभर वर्षांत फरक एवढाच पडला की ते बडोदे आता विमानाने आपल्या आधी पोचते.

जात तिकडेही आहे, हे आता सरकारी कागदावर आहे

"परदेशात कुठली आलीय जात?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी काही तारखा. अमेरिकेतील सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. जात नसती तर बंदी कशावर घातली? कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण तिथल्या गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारले. ब्रिटनमध्ये समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आणण्याची तरतूद होती; २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसे करायचे नाही असे ठरवले. म्हणजे आपला मुलगा ज्या देशात उतरला, तिथे त्याच्या बाजूने थेट, स्पष्ट शब्दांत कायदा उभा नाही. मग त्याच्या बाजूने कोण उभे राहणार?

पैशाचे गणित

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनमध्ये निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पाउंड होता. बारा महिन्यांनी भागा, ८२५ होतात. जानेवारी २०२५ च्या व्हिसा नियमात ब्रिटन सरकारनेच म्हटले होते की विद्यार्थ्याला राहायला लंडनमध्ये महिन्याला १,४८३ आणि लंडनबाहेर १,१३६ पाउंड लागतात. म्हणजे स्वस्तातल्या शहरातही महिन्याला तीनशे पाउंडांचा खड्डा. आणि हप्ता लांबला तर खड्डा नाही, दरी. तीनशे पाउंड म्हणजे आमच्या खोपोलीच्या कंत्राटी कामगाराचा एका महिन्याच्या पगाराहूनही जास्त.

याच योजनेत २०२२ पासून आणखी एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला शिष्यवृत्ती नाही. कारण दिले की हे इथेच शिकता येते. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, म्हणून हे जास्त झोंबते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. आजची अट तेव्हा असती तर त्या विषयाला छदाम मिळाला नसता. यंत्रे शिका, औषधे शिका, पण आमच्याबद्दल बाहेर जाऊन बोलू नका, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

"जाणारे परत कुठे येतात?"

हा आक्षेप आम्ही कर्जतच्या बैठकीत ऐकला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शिकलेल्यांनी आपल्याला धोका दिला, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती. ती आजही खरी आहे. फ्लॅट घेतल्यावर वाड्याची वाट विसरणारे आपल्या घरोघरी आहेत.

पण दुसरी बाजूही विचारा. पहिल्या दिवशी तो उपाशी आणि बेघर असताना त्याचा समाज कुठे होता? बॅनरवर होता. जो समाज पहिल्या रात्री फोन उचलत नाही, त्याने पुढे दहा वर्षांनी हिशोब मागायचा कोणत्या तोंडाने? बडोद्याच्या सयाजीरावांनी करार केला, पण आधी पैसे दिले. आपण फक्त करार करतो.

मग करायचे काय?

एक, प्रत्येक तालुक्यात पहिल्या महिन्याचा निधी. देणगी नव्हे, उचल. हप्ता आला की मुलाने परत करायची, ती पुढच्याला. एका जयंतीच्या डीजेचा खर्च कमी केला तरी सुरुवात होते.

दोन, निघण्याआधी एक दिवस बसून सगळे सांगणे. तिकिटात जेवण असते की नाही, हातातल्या बॅगेत कोणते कागद आणि काय खायला ठेवायचे, रांगेत अधिकारी काय विचारतो, खोलीचा करार कसा वाचायचा. हे सांगायला विद्वान लागत नाही, आधी जाऊन आलेला एक जण लागतो.

तीन, तिथे आपले माणूस. ब्रिटनमध्ये आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांचा महासंघ आहे. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे विद्यार्थी बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, विक्रीला निघाले तेव्हा या मंडळींनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतले. अमेरिकेतही आपल्या संघटना आहेत. नंबर निघण्याआधी मुलाच्या हातात हवा, नंतर नाही.

आता आपल्याच रायगडात नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. आमच्याकडे लोडर आणि हाऊसकीपिंगच्या कामासाठी मुलांचे बायोडाटा गोळा होत आहेत. काम मिळो, आनंदच आहे. पण त्याच विमानतळावरून आपली किती मुले बोर्डिंग पास घेऊन जातात, हेही मोजायला लागू या.

त्या मुलाचे पुढे काय झाले? एका ओळखीतून दुसरी ओळख काढत आम्ही जवळच्या शहरातल्या एका आंबेडकरी कुटुंबापर्यंत पोचलो. त्यांनी त्याला दोन आठवडे घरी ठेवले. हप्ता आला, खोली मिळाली, तो आता शिकतो आहे.

आणि बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. आडनाव सांगितलेस, बरोबर केलेस. बडोद्यात नाव बदलून अकरा दिवस मिळाले होते, बारावा मिळाला नाही. चूक तुझी नव्हती. तुला एकट्याला पाठवून घरी येऊन झोपलो, ती चूक आमची.

येत्या सप्टेंबरात कर्जत-खालापुरातून कोणी निघत असेल तर आम्हाला आधी कळवा. बॅनर नंतर बघू.

जयभीम. नमो बुद्धाय.