विश्लेषण : गावात डॉक्टर यावा म्हणून सरकार काय काय देते? आणि तरीही तो का टिकत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा नकाशावर कुठल्याच अर्थाने दुर्गम नाही. गाव गोदावरीकाठी आहे, दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे आणि शिर्डीकडे जाणारा रेल्वेफाटाही इथूनच निघतो. शिर्डीतील मोठी रुग्णालये वीसेक किलोमीटरवर. लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय तर याच तालुक्यात. जून २०१७ च्या शेतकरी संपाची हाक याच गावाने दिली आणि राज्य सरकारला चर्चेला बसावे लागले. म्हणजे गाव दुर्लक्षित म्हणावे असेही नाही. तरीही रात्री दोन वाजता बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर अशा गावातले कुटुंब आधी गाडी शोधते, डॉक्टर नंतर. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी १०० विद्यार्थिक्षमतेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. तिथे तयार होणारे डॉक्टर पुणतांब्यासारख्या गावापर्यंत पोहोचतील का, हा खरा प्रश्न आहे.

बंधपत्र म्हणजे काय?

शासकीय आणि महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात जनतेच्या पैशातून होतो. त्या बदल्यात एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, असे बंधपत्र लिहून घेतले जाते. सेवा टाळणाऱ्यासाठी दंड ठेवला गेला : एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तरसाठी ५० लाख, अतिविशेषज्ञांसाठी दोन कोटी रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अशी बंधपत्रे वैध ठरवली.

अडचण कायद्यात नाही, हिशेबात आहे. खासगी महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या शुल्काशी तुलना केली तर १० लाख ही ऐपत असलेल्या घराला न पेलणारी रक्कम नव्हे. म्हणून हा दंड ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच बांधतो. शिवाय जो एक वर्षासाठी येतो, त्याचे अर्धे लक्ष ‘नीट पीजी’च्या पुस्तकात असते. त्यात त्याचा दोष काय? पण गावाची ओळख होईतो त्याचे वर्ष संपते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला आपला आजार नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगावा लागतो. शिवाय हे बंधपत्र खासगी आणि अभिमत संस्थांच्या विद्यार्थ्यांना लागू नाही. त्यामुळे तालुक्यात वैद्यकीय महाविद्यालय असणे आणि तालुक्यातील आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध राहत नाही.

पदव्युत्तर जागांचे आमिष कसे चालते?

डॉक्टरला पगारापेक्षा मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एमडी किंवा एमएसची जागा. सरकारने ही नस बरोबर ओळखली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० च्या नियमावलीत पुढे तरतूद झाली, की दुर्गम किंवा अवघड भागातील सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी प्रवेश परीक्षेत मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढीव गुण द्यावेत. म्हणजे ४०० गुण मिळवणाऱ्याला तीन वर्षांच्या सेवेनंतर १२० गुण अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही पद्धत मान्य केली. ऑगस्ट २०२० मध्ये घटनापीठाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर पदवीच्या जागा राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्या आधारे महाराष्ट्राने सप्टेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने २० टक्के जागा सेवांतर्गत उमेदवारांसाठी ठेवल्या. त्याला आव्हान दिले गेले, पण निर्णय टिकला.

या योजनेमुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येतो, हे खरे. पण गावात राहिल्याचे बक्षीस म्हणजे गाव सोडण्याचा परवाना, हेही तितकेच खरे. वैद्यकीय अधिकारी तीन वर्षे काढतो, गावाला त्याचा हात ओळखीचा होतो आणि नेमका तेव्हाच तो एमडीला जातो. परत येतो तो विशेषज्ञ म्हणून, आणि विशेषज्ञाची जागा प्राथमिक केंद्रात नसते. ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असते.

मग ग्रामीण रुग्णालयात विशेषज्ञ का नाहीत?

केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत (महाराष्ट्रात त्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतात) निकषांच्या तुलनेत जवळपास ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. हा आकडा पगार वाढवून भरेल, असे नेहमी मानले जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्यांना तशी मुभाही आहे : विशेषज्ञाने आपला आकडा सांगावा आणि राज्याने तो द्यावा.

पण सिझेरियन हे एकट्याचे काम नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाली, भूलतज्ज्ञ नाही, तर शस्त्रक्रिया होत नाही. दोघे आहेत, पण रक्तसाठवणुकीची सोय नाही, तर जोखीम कोण घेणार? बाळाला श्वास घेता आला नाही, तर बालरोगतज्ज्ञ लागतो. यातला एक दुवा तुटला, की भरघोस पगाराची स्त्रीरोगतज्ज्ञ दिवसभर बाह्यरुग्ण विभागात लोहाच्या गोळ्या लिहून देते आणि अवघड बाळंतपण पुढे पाठवते. काही महिन्यांत तिला आपले कसब गंजते आहे असे वाटू लागते. तेव्हा सोडून जाण्यामागे पैसा हे एकच कारण नसते. प्रोत्साहन एकेका व्यक्तीला दिले जाते, नेमणूक मात्र संपूर्ण चमूची करायला हवी. सरकारी फायलीत नेमके हेच सर्वांत कमी दिसते.

‘दुर्गम’ कोण ठरवते?

सवलतींची मोठी वाटणी भूगोलावर चालते. आदिवासी भागात भरारी पथकांतून पाडे पिंजून काढणाऱ्या मानसेवी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मानधन आंदोलनानंतर २०२१ मध्ये २४ हजारांवरून ४० हजार रुपये झाले. त्यांत बहुसंख्य आयुर्वेद पदवीधर आहेत, आणि त्यांचे काम पाहता ही वाढ उशिरा मिळाली असेच म्हणावे लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यात हा आदिवासी भाग म्हणजे अकोले तालुका. राहाता त्यात येत नाही आणि यायलाही नको. अकोल्याच्या डोंगरातल्या पाड्याची आणि गोदाकाठच्या बागायती गावाची गरज सारखी नाही.

तरीही मधल्या गावांचे काय? सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. पुणतांब्यासारखी गावे पहिल्या रांगेत बसतात. त्यांना दुर्गमतेचा भत्ता नाही आणि शहराची सोयही नाही. शिर्डी जवळ असल्याचा परिणाम उलटाही होतो. डॉक्टर कुटुंबासह शहरात राहतो आणि ड्युटीपुरता गावात येतो. सकाळची बाह्यरुग्ण तपासणी त्याने नीट पार पडते, रात्र मात्र परिचारिकेवर येते. उपकेंद्रात नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना २५ हजार रुपये आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला, अशी वेगळी रचना आहे. ती रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी उपयोगी आहे, रात्रीच्या बाळंतपणासाठी नाही.

दुसरीकडे काय केले जाते?

जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. प्रत्येक प्रांत आपल्याकडची मुले निवडून पाठवतो, शुल्काचा भार उचलतो आणि पदवीनंतर त्यांनी साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात सेवा करायची असते. आपल्याकडे २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच्या जवळ जाणारा प्रस्ताव मंजूर केला होता : सरकारी सेवेची दीर्घ हमी देणाऱ्यांना एमबीबीएसच्या १० टक्के आणि पदव्युत्तरच्या २० टक्के जागा, आणि हमी मोडल्यास थेट तुरुंगवास. भर धाकावर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचना मात्र ग्रामीण भागातल्या मुलांची निवड, ग्रामीण भागातच प्रशिक्षण, राहण्याची चांगली सोय आणि बढतीची वाट यांना पैशाइतकेच महत्त्व देतात. क्वार्टरच्या छताची गळती आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न कुठल्याही शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत येत नाही, पण डॉक्टरच्या घरात रोज रात्री चर्चा त्याचीच असते.

जिल्ह्यातील नव्या महाविद्यालयाला बंधपत्राचा नियम लागू राहील. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष धरले, तर पहिली तुकडी प्रवेशानंतर साडेपाच वर्षांनी सेवेसाठी मोकळी होईल. आंतरवासितेतील ग्रामीण प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातली कोणती केंद्रे निवडायची, तिथे विद्यार्थ्यांना मुक्कामी ठेवायचे की बसने नेऊन आणायचे, हे मात्र महाविद्यालय उभे राहतानाच ठरवावे लागेल.